मुलाखत नंबर सात

३ जानेवारी १९७८, सातारा

मेट्रनबाईंनी ऑफिसात बोलावलं. वाटलं ड्युटीची अदलाबदल असेल. तर म्हणाल्या, "तुमचं नाव कळवलंय. सांगलीला आठ-दहा दिवस शिकायचं, मग महिनाभर खेड्यात बायकांशी बोलायचं. पुण्याच्या एक बाई अभ्यास करतायत." आख्ख्या हॉस्पिटलातून मी एकटी. एकोणीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढली, कुणीतरी दखल घेतली.

घरी सांगितलं तर ह्यांनी चहासुद्धा घेतला नाही, तसेच बाहेर. शाळामास्तरांना वही म्हटली की राहवत नाही. दोनशे पानी दोन वह्या, पुठ्ठ्याच्या. एक कामाची, एक ही.

९ जाने., सांगली

एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही सहाजणी. नर्सा, आरोग्यसेविका. शिकवणाऱ्या बाई डॉक्टर आहेत, पण औषधाच्या नव्हेत, समाजशास्त्राच्या. आम्ही डॉ. बाई म्हणतो. माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान.

अभ्यास असा. पहिलं बाळंतपण दवाखान्यात झालेल्या कितीतरी बायका दुसऱ्या वेळी तिकडं फिरकत नाहीत. किती, ते रजिस्टरात आहे. का, ते कुठंच नाही. ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं. पद्धतीला गुणात्मक म्हणतात.

मी हात वर करून सांगितलं, कारण मला माहीत आहे. अडाणीपणा, आणि सासू. डॉ. बाई "बरं" म्हणाल्या. त्या बरंचा अर्थ काही लागला नाही.

११ जाने.

सराव. जोडीला कुसुम. वाईच्या घाटाजवळची, आरोग्य केंद्रात नोकरी, बोलणं अगदी पुस्तकी. ती बाळंतीण झाली, मी विचारणारी. पानाच्या मधोमध रेघ मारायची. डावीकडं आपलं बोलणं, उजवीकडं तिचं. झाल्यावर बघते तर डावी बाजू गच्च, उजवीकडं चार ओळी. "दवाखान्यात का गेला नाहीत? इंजेक्शनं घेतली का? मागच्या वेळी त्रास झाला होता ना? मग कळायला नको?"

डॉ. बाईंनी वाचलं. म्हणाल्या, "सिस्टर, ही मुलाखत नाही. ही हजेरी आहे."

सगळ्या हसल्या. मीही. पण लागलं.

नियम, विसरू नयेत म्हणून: 'का' नाही, 'काय झालं ते सांगा'. शिकवायचं नाही. घड्याळ बघायचं नाही. ती गप्प तर आपण गप्प. न आवडलेलं आधी लिहायचं. केवढीशी असली तरी 'तुम्ही'. हा शेवटचा फार जड. वॉर्डात जन्म गेला 'ए, सरक तिकडं' म्हणण्यात.

१३ जाने.

आज दिवस माझा.

डॉ. बाईंनी टेपवर पूर्वेकडच्या एका म्हातारीचं बोलणं ऐकवलं. जसंच्या तसं उतरवा म्हणाल्या. कुसुमनं सगळं सुधारून लिहिलं. 'कवा' चं 'केव्हा', 'न्हाई' चं 'नाही'. म्हातारी पार वाईची झाली. बाकीच्यांचे निम्मे शब्द सुटले. माझ्या कागदावर एकही खाडाखोड नाही. डॉ. बाईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. "हा कान शिकवून येत नाही," म्हणाल्या.

आम्ही कराडकडचे. घरात हाय-न्हाईच. नर्सिंगला गेले तेव्हा ट्यूटरबाई सगळ्यांपुढं माझ्या 'न्हाई' ची नक्कल करायच्या. सहा महिन्यांत जीभ सरळ केली. मग घरी पत्र गेलं की आई वाचणाऱ्याला विचारायची, "ह्ये माज्याच पोरीनं लिवलंय व्हय?" ज्याची लाज वाटली तेच आज कामाला आलं. आई असती तर…

१४ जाने.

संक्रांत. हॉलमध्येच तिळगूळ. ह्यांचं पत्र: 'गुणात्मक म्हणजे कितीपैकी?' मास्तरच ते.

१७ जाने.

शेवटचा सराव, खऱ्या माणसाबरोबर. हॉल झाडणाऱ्या मावशी. एक प्रश्न विचारला आणि थांबले. मावशी पदराचं टोक चाळवत गप्प. मीही गप्प. तोंडाशी चार प्रश्न आलेले. मनात मोजत बसले, नाडी मोजतात तसं. पन्नासाच्या पुढं गेले आणि मावशी बोलायला लागल्या. अर्धा तास बोलल्या. आज डावीकडं तीन ओळी.

डॉ. बाई: "आता जा तुम्ही."

२३ जाने., कवठे महांकाळ

मुक्काम शाळेमागच्या खोलीत, मी आणि कुसुम. मला मुद्दाम इकडं टाकलंय. साताऱ्याच्या बाजूला बायका ओळखतील, मग मोकळं बोलणार नाहीत. इकडं मला कोण ओळखतंय.

पांढरे कपडे नाहीत, साधं पातळ. टोपीवाचून डोकं उघडं उघडं वाटतं. शाळू कणसात आलाय, मधे मोकळी माळरानं, मेंढरं. चालणं पुष्कळ.

मुलाखत एक झाली. ती म्हणाली, "खाटंवर निजायची सवं न्हाई. पडंन म्हनून डोळाच लागला न्हाई." एकोणीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं.

२६ जाने.

सकाळी शाळेत झेंडावंदन. नंतर मुलाखत चार आणि पाच. नावं लिहायची नाहीत, नुसते नंबर. इथंही नाही लिहिणार.

कुसुमला बोली कळेना झाली की मला विचारते. तिचं अक्षर मोत्यासारखं, माझा कान. दोघींचं मिळून एक माणूस होतं.

३० जाने.

मुलाखत सात. आजच लिहिते.

गावाबाहेर धनगरांची वस्ती. बाई बावीस-तेवीसची. सहावा महिना. अंगणात लोकर निवडत बसली होती. पहिली मुलगी अडीच वर्षांची, तिथंच खेळत होती. सासू मेंढरांकडं गेलेली.

मी म्हटलं, "पहिल्या वेळचं सांगा. काय काय झालं."

माझ्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मग लोकर निवडता निवडता बोलायला लागली.

"तवा आमी शिरवळात हुतो. मालक फ्याक्टरीत राखणीला. दोन दिस कळा, पर सुटंना. मग जीपीतनं साताऱ्याला न्हेलं. आत्तीला, म्हंजी सासूला, भाईरच ठिवली. आत म्या एकली. पानी मागितलं. तीनदा मागितलं. एक बाई हुती, उच्ची. म्या वरडले तर म्हनली…"

इथं तिनं आवाज बदलला. शहरी बोलीत, एकेक शब्द तोडून म्हणून दाखवलं, "एवढी नाजूक होतीस तर लग्न कशाला केलंस?"

हे वाक्य माझं आहे. वॉर्डात दुसरी कुणी म्हणत नाही. नव्या पोरी मागं त्यावर हसतात, मला ठाऊक आहे.

पेन थांबलं. डॉ. बाईंचं आठवलं, न आवडलेलं आधी लिहायचं. लिहीत राहिले.

"मांडीवर चापट मारली. तवा लागली न्हाई. घरी आल्यावर लागली."

मग गप्प. मी मोजायचं विसरले.

"पोर जल्मली तर रडंना. निळी पडल्याली. त्याच बाईनं तिला उलटी धरली, पाठीवर थापटली. मग तोंडाला तोंड लावून फुकत ऱ्हायली. लय येळ. दुसऱ्या समद्या बघत हुत्या नुसत्या. पोर रडली तवा ती बाई भितीला टेकून खाली बसली. म्या बघितलं."

मी नियम मोडला. विचारलं, "मग ती बाई चांगली म्हणायची की वाईट?"

तिनं हातातली लोकर खाली ठेवली. म्हणाली, "दोन्ही लिवा. पोर तिनं जगवली. आन् ती मला पुन्यांदा दिसू ने. दोन्ही लिवा."

पोरगी माझ्या पिशवीशी खेळत होती. गुटगुटीत आहे.

३१ जाने.

कामावर गेले नाही. कुसुमला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

मला ती आठवत नाही. रात्रंदिवस बायका येतात, कितीक पोरं निळी असतात, थोडी वाचतात. वाचलेलंसुद्धा आठवत नाही. तिला मात्र सगळं आठवतं, मी कुठं बसले ते सुद्धा.

वही उघडून बसले. 'उच्ची' खोडलं तर कुणाला कळणार नाही. ते वाक्य गाळलं तर अजिबातच नाही. नुसतं पोर जगवल्याचं दुसरं पान ठेवलं तर माझी छातीच फुगेल. ते पान पाच-सहा वेळा वाचलं. पहिलं एकदाच.

पहिला दिवस नोकरीचा आठवला. आमच्या थोरल्या सिस्टर असंच बोलायच्या. वाटलं होतं, असंच बोलतात. कामात मऊपणा चालत नाही.

खोडलं नाही. पक्की प्रत काढली, शब्दाला शब्द. डावीकडं माझा तो मोडलेला नियमही लिहिला.

२ फेब्रु.

डॉ. बाई आल्या. प्रती तपासत बसल्या. सात नंबर वाचून म्हणाल्या, "ही सगळ्यांत चांगली. कुठं अडखळलेलं दिसत नाही."

म्हटलं, "बाई, ती उंच नर्स मी."

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणाल्या, "आणि तुम्ही एक शब्द बदलला नाहीत?"

"नाही."

"मी असते तर मला जमलं असतं का, सांगता येत नाही."

पुण्याच्या विद्वान बाई. मला म्हणाल्या. मी खोलीत येऊन रडले, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं.

मग कामाचं बोलणं. मी म्हटलं, तिचं पहिलं दोन दिवस अडलं होतं. दुसरं घरी म्हणजे जिवाशी खेळ. पण शिकवायचं नाही असा नियम. डॉ. बाई म्हणाल्या, "वही उघडी आहे तोवर ऐकणारी. वही मिटली की नर्स व्हा. त्याला माझी ना नाही."

६ फेब्रु.

आठ, नऊ, दहा. नऊ नंबर म्हणाली, दवाखान्यात तिच्या अंगावरचा ताईत कापून टाकला, न विचारता. शांतपणे लिहिलं. ताईत मीही कापलेत.

आता मोजावं लागत नाही. गप्प बसणं जमतं.

१० फेब्रु.

लिहिलेलं त्या त्या बाईला वाचून दाखवायचं आणि चुकलं असेल तर दुरुस्त करायचं, हाही पद्धतीचा भाग. सात नंबरकडं गेले. या खेपेला सासू घरात. तिला सांगून दोघी अंगणात बसलो.

वाचून दाखवलं. तिनं एकच दुरुस्ती केली. "पानी तीनदा न्हवं, चारदा. चौथ्यांदा मनातल्या मनात मागितलं. ते बी धरा." धरलं.

मग म्हटलं, "ती बाई मी होते."

"ठावं हाय," म्हणाली. "पैल्या दिशी आलासा आन् बोललासा तवाच वळखलं. आवाज."

"मग मला सांगितलंत कसं? तोंडावर?"

"तुमी इच्चारलं म्हनून. तवा कुनी इच्चारलंच न्हवतं." मग म्हणाली, "आन् बगायचं बी हुतं, समदं लिवतासा का मधलं गाळतासा."

माफी मागितली, नीट मागितली. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या," आणि पोरीला हाक मारली. म्हणाली, "जा, बाईच्या पाया पड." मी पडू दिलं नाही. उचलून घेतलं. जड झाली आहे.

डॉक्टरांच्या बैठकीत वाचू का, म्हणून परवानगी विचारली. "वाचा. माजं नाव घिऊ नगा. तुमचं तुमी बगा."

वही मिटली आणि नर्स झाले. सगळं समजावलं, सासूलाही बसवून घेतलं. आता साताऱ्याचा प्रश्न नाही, सांगली जवळ. नववा लागला की आधीच जाऊन राहायचं. सासू म्हणाली, "आवं, आमी काय मुद्दाम ठिवतोय व्हय घरी? भाईर हाकलत्यात त्येचं वंगाळ वाटतं." निघताना सून वेशीपर्यंत आली. तिथं विचारलं, "सांगलीची बाई तुमच्यावानी आदीची आसंल का आत्ताची?"

म्हटलं, तिथल्या सिस्टरना पत्र घालते. खोटं सांगितलं नाही, एवढंच.

२५ फेब्रु., सातारा

वॉर्डात रुजू. सगळं तेच. दुपारी एक पहिलटकरीण, कळा देता देता ओरडायला लागली. तोंडात ते वाक्य आलं. दाताखाली धरलं. म्हटलं, "पाणी देऊ का तुम्हाला?" नवी पोर स्टाफ नर्स माझ्याकडं बघतच राहिली. बाईसुद्धा.

एक वाक्य नाही बोलले तर दिवसभर दमल्यासारखं झालं.

११ मार्च, सांगली

बैठक. दोन्ही जिल्ह्यांतले डॉक्टर, मेट्रन. आमचे मोठे डॉक्टरही आले होते. डॉ. बाईंनी आधी विचारलं होतं, सात नंबर वाचायची की नाही ते तुम्ही ठरवा. म्हटलं, मीच वाचते.

उभी राहून वाचलं. तिच्या बोलीत, हाय-न्हाई सकट. एवढ्या शिकलेल्या माणसांपुढं आईच्या भाषेत पहिल्यांदा बोलले. कुणी हसलं नाही. चौथं पाणीही वाचलं.

वाचून झाल्यावर एक डॉक्टर म्हणाले, "अशी एखादी असतेच प्रत्येक ठिकाणी. नाव कळवा, मेमो देता येईल."

म्हटलं, "सर, ती मी."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. आमच्या मेट्रनबाई खाली बघत होत्या. मी उभीच. म्हटलं, "मेमो द्या. पण मी एकटी नाही, आणि वाईट मनाचीही नाही. आम्हाला शिकवलं तसं आम्ही वागलो. आता दुसरं शिकले आहे. एक बाई घरची आत राहू द्या, आणि पाणी द्यायला सांगा. याला जादा काही लागत नाही."

बसले. डॉ. बाईंनी टेबलाखालून हात दाबला.

१२ मार्च, सातारा

एस.टी.त मेट्रनबाई शेजारीच. कराड आल्यावर म्हणाल्या, "एकोणीस वर्षांची सर्व्हिस. चारचौघांत आपल्या हातानं…" आणि बऱ्याच वेळानं, खिडकीतून बाहेर बघत, "मी पण मारलंय हो."

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. म्हणाले, "पैकीच्या पैकी." मास्तरांकडून हे मिळत नसतं. शाळेतली पोरं विचारा.

२० मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. मेमो नाही. म्हणाले, "महिनाभर करून बघू. घरची एक बाई आत. गोंधळ झाला तर बंद." जबाबदारी माझ्यावर. नव्या पोरींना आठवड्यातून एक तास मी शिकवायचं. काय शिकवायचं विचारलं तर म्हणाले, "ते तुम्हालाच माहीत."

पहिला तास झाला. पानाच्या मधोमध रेघ मारायला सांगितली.

२ एप्रिल

गोंधळ झाला. गेल्या आठवड्यात एकीची सासू आणि आई दोघी आत शिरल्या, भांडल्या. मोठे डॉक्टर नाराज. मी म्हटलं, एक म्हणजे एकच, दारावर मी उभी राहते. तीन दिवस उभी राहिले. पायाला सूज. परवापासून बायका आपसातच ठरवून येतात, कोण आत ते.

१९ एप्रिल

डॉ. बाईंचं पत्र. अहवाल पुरा झाला. मुलाखती घेणाऱ्यांची नावं पहिल्या पानावर छापणार, माझंही. ह्यांनी पत्र शाळेत नेलं, अजून परत आणलेलं नाही.

महिना संपत आला. पुढं चालू की बंद, अजून कुणी बोललेलं नाही. विचारलं नाही.

२७ एप्रिल

कुसुमचं कार्ड. डॉ. बाईंबरोबर कवठे महांकाळकडं गेली होती. सात नंबर अजून घरीच आहे. सासू तयार, नवरा तयार, ती बघू म्हणते. नववा लागून आठ दिवस झाले. सांगलीच्या वॉर्डच्या सिस्टरना मी दोन पत्रं घातली, उत्तर नाही. कामात असतील. मला आलेल्या पत्रांना मी तरी कुठं उत्तरं देत होते.

चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कवठे महांकाळची सकाळची गाडी बघून ठेवली आहे. ती माझ्याबरोबर सांगलीला येईल की दारातूनच परत पाठवेल, सांगता येत नाही. दोन्हीचा तिला हक्क आहे. अर्जात कारणाचा रकाना होता. बराच वेळ पेन धरून बसले, मग 'घरगुती' लिहिलं.